क्रियापद-विवेक वर्ग, करोल बाग

माणसाच्या अधःपाताची सुरुवात क्रियापदापासून होते. नामात धोका नसतो. संतांनी नामाचा एवढा आग्रह धरला तो उगीच नाही. क्रियापदाचं स्मरण करा, असं कुणी सांगितल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. त्यातून इंग्रजी क्रियापदं जोडीनं हिंडतात. राइज आणि रेज, लाय आणि ले, लेंड आणि बॉरो. एकाला हाक मारावी तर दुसरं ओ देतं.

हा धोका ओळखून आमच्या कीर्तनप्रेमी मंडळानं दिल्लीत करोल बागेत, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या मजल्यावर, ‘क्रियापद-विवेक वर्ग’ सुरू केला. (खालच्या दुकानात प्रत्येक हॉर्न वाजवून दाखवूनच विकतात. त्यामुळे पेटीवाल्याला वेगळा सूर धरावा लागत नाही.) लाभार्थी म्हणजे महाराष्ट्रातून इथे येऊन स्पर्धा परीक्षेची मुख्य पायरी पार केलेली मुलं. ही मुलं मुलाखतीत इंग्रजी बोलतात आणि बिनधास्त बोलतात. हे थांबवणं राष्ट्रहिताचं होतं.

अध्यापक प्रस्तुत लेखक. पात्रता पहिली: केंद्र सरकारात उभी हयात दुसऱ्यांच्या मसुद्यांतली क्रियापदं बदलली. (मसुद्यात म्हटलंय काय, हे पाहण्याचा अधिकार आमच्या श्रेणीला नव्हता.) पात्रता दुसरी: कीर्तनाचं लहानपणापासून वेड. बुवा उभे राहिले, झांज वाजली, की आमच्या डोळ्यांना पाणी येतं. आवाज देवानं दिला नाही, पण भाव दिला. आवाजाबाबत आमच्या सौभाग्यवती इंदुमती यांचं याहून वेगळं मत नाही. भावाबाबत आहे.

कीर्तनात ऐकलेलं माणूस मरेपर्यंत विसरत नाही. सबब वर्गाची पद्धत तीच ठेवली. पूर्वरंगात नियम, उत्तररंगात आख्यान. आख्यान आमचंच: मारुती नावाच्या गरीब भक्तानं नैवेद्याला शेजारणीकडून पोहे बॉरो केले, शेजारणीनं लेंड केले, देवानं खाल्ले. परत कुणीच केले नाहीत, म्हणून त्यासाठी तिसरं क्रियापद शिकायचं कारण नाही. आणि धृपद, तेही आमचंच:

स्वयें उठे तो राइज जाणा ।
दुजा उठवी, रेज म्हणा ॥

शंका आली की मुलांनी हे धृपद म्हणायचं, तीन टाळ्या द्यायच्या आणि मगच क्रियापद वापरायचं. टाळीशिवाय क्रियापद नाही, हा वर्गाचा एकमेव कडक नियम.

आता वैभवी. ही कळमनुरीकडची. वयोमर्यादेनं हा तिचा शेवटचा प्रयत्न; यंदा नाही तर कधीच नाही, परत गावी. तिची पहिली सराव-मुलाखत घ्यायला आमच्या घरी, स्वयंपाकघराच्या दाराशीच, आमचे कार्यालयीन मित्र विश्वनाथराव अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, तुम्ही जिल्हाधिकारी आहात, रात्री धरणातून पाणी सुटलं, नदीकाठचं गाव झोपलंय, काय कराल?

वैभवी थांबली नाही. “सर, फर्स्ट ढोल वाजवून आय विल राइज ऑल पीपल. बट लोअर गल्लीत वन ओल्ड लेडी, शी इज डेफ. सो आय विल गो मायसेल्फ अँड राइज हर. देन स्कूल बिल्डिंग. आफ्टर दॅट ओन्ली आय विल ले डाउन.”

विश्वनाथरावांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्यांच्याकडे. एवढ्याशा उत्तरात दोनदा राइज आणि वर एक ले!

“बेटा,” विश्वनाथराव हळहळले, “सगळं पाण्यात गेलं.”

“सर, गाव तर वाचलं ना?”

“गावाचं सोड.”

त्या आठवड्यापासून वैभवी वर्गाला बसू लागली. अशी निष्ठा विरळा. मेट्रोत धृपद, खोलीवर धृपद. शेजारच्या खोलीतल्या पंजाबी मुलीही “दुजा उठवी” गुणगुणायला लागल्या. महिनाभरात प्रगती झाली ती अशी: वर्गापूर्वी दर शंभर वाक्यांत चुका एकसष्ट, वर्गानंतर शून्य. (वाक्यंही शून्यावर आली, हा तपशील परिशिष्टात घेतला आहे.)

दुसरी सराव-मुलाखतही आमच्याच घरी झाली. तोच प्रश्न, तीच नदी. वैभवीनं तोंड उघडलं, “सर, आय विल...” आणि थांबली. ओठांत धृपद सुरू झालं. मांडीवर एक टाळी, दुसरी, तिसरी. पुन्हा “आय विल”. पुन्हा धृपद. आम्ही सद्गदित झालो. इतका विवेक आम्ही मंत्रालयातही पाहिला नव्हता. विश्वनाथरावांना मात्र मध्येच एक नवीनच शंका आली, की झोपलेल्या माणसाला रेज करतात की राउज? हे तिसरं क्रियापद धृपदात बसत नव्हतं. आम्ही दोघं शब्दकोश काढून बसलो. पोरगी टाळ्या देत राहिली.

इंदुमती चहा घेऊन आली. जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “अगं, बुडालं का गाव?”

वैभवीचा बांध फुटला. “काकू, बुडू कसं देईन? आधी दावणीची गुरं सोडायची, ती आपोआप टेकाडाकडं पळतात. मंदिराच्या आणि मशिदीच्या, दोन्ही भोंग्यांवरून पुकारा करायचा. शाळेची किल्ली मास्तरकडं असते आणि मास्तर राहतो तालुक्याला, म्हणून कुलूपच तोडायचं!”

“बिल्कुल,” इंदुमती म्हणाली. “आणि या दोघांना काढू नकोस पाण्यातून. त्यांचा शब्दकोश व्हायचाय अजून.”

मंडळानं या उत्तराची नोंद घेतली. त्यात एकही इंग्रजी क्रियापद नसल्यानं ते गुणदानाच्या कक्षेबाहेर ठरलं. वैभवी मात्र जाताना आमच्या पाया पडली, इंदुमतीच्या गळ्यात पडली आणि पुन्हा वर्गाला आली नाही. यार, सोडून गेली, असं इतर मुलं म्हणाली. आम्ही तिच्यासाठी बुवांच्या तसबिरीला हार घातला आणि आशा सोडली.

मुलाखत झाली, निकाल लागला, वैभवी पेढे घेऊन दारात. निवड!

“काय विचारलं गं?” आम्ही अधीर झालो.

“पुराचंच विचारलं, काका.”

“मग? राइज म्हणालीस की रेज?”

“आठवत नाही हो. काहीतरी म्हणाले मी.”

“आणि बोर्ड काय म्हणालं?”

“अध्यक्षांनी विचारलं, आणि गुरं?”

इंदुमतीनं पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ आमच्याकडे पाहिलं. एवढं बोलकं कीर्तन आम्ही आजवर ऐकलं नव्हतं.

मंडळानं सत्कार ठेवला. प्रमुख पाहुण्या अमराठी, म्हणून प्रास्ताविक आम्ही इंग्रजीत करायचं ठरलं. आम्ही उभे राहिलो, “वी...” म्हणालो, आणि पुढे क्रियापद आलं. अंगवळणी पडल्याप्रमाणे आम्ही टाळी दिली. सभागृहाला वाटलं, जयघोष. सगळ्यांनी टाळ्या धरल्या, पेटीवाल्यानं सूर दिला, खालून हॉर्न आला. प्रास्ताविक तिथेच संपलं. आजवरचं आमचं सर्वांत यशस्वी भाषण म्हणून त्याची इतिवृत्तात नोंद आहे.

वर्ग अर्थात चालूच आहे. एका विद्यार्थिनीच्या यशानं संस्था बंद पडत नसतात. फक्त प्रवेश परीक्षा नवीन ठेवली आहे, आणि वाचकहो, ती तुम्ही नकळत देऊन बसलात. वैभवीचं ते पहिलं उत्तर वाचताना ‘राइज’पाशी तुम्ही गालात हसलात, आम्ही पाहिलं. आता सांगा, ढोल वाजवूनही ज्या घरी तिला स्वतः जावं लागणार होतं, तिथे कोण झोपलं होतं, आणि ढोल तिथे का चालणार नव्हता?

मागे जाऊन पाहू नका. आम्हालाही इंदुमतीला विचारावं लागलं.

या, पहिल्या रांगेत बसा. टाळ्या येतात ना?