हे कोनाले म्हनून राहिली?

सॉलोमनभाऊंकडे मिक्सर दुरुस्तीला टाकला की तो दुसऱ्या दिवशी मिळतो, पण हातात पडायच्या आधी एक गाणं ऐकावं लागतं. नुसतं ऐकून सुटका नाही, त्याचा अर्थही मान्य करावा लागतो. साकोलीत बस स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं बियाण्याचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं पंखे, मिक्सर, रेडिओ दुरुस्तीचं. बारा वर्षं मी भिंतीच्या अलीकडे बसून धानाचं बियाणं विकतो आहे आणि पलीकडून माझ्या कानावर सिनेमाची गाणी आणि पवित्र शास्त्र एकत्रच पडतं आहे. मी गणपती बसवणारा माणूस, पण उधळ्या पुत्राची गोष्ट मला आता झोपेतही सांगता येईल.

त्यांची पद्धत ठरलेली. रेडिओवर गाणं लागलं की मुखडा होऊ देतात. अंतरा सुरू व्हायच्या आत हातातला पेचकस वर करून समोरच्याला विचारतात, "हे कोनाले म्हनून राहिली?"

समोरचा बापडा पंखा घेऊन आलेला असतो. तो म्हणतो, हिरोले.

"हिरो त अडीच तासाचा हाय. ही म्हनते जनमभर वाट पायीन. अडीच तासाच्या मानसासाठी कोनी जनमभर वाट पायते का?"

इथून पुढे पाचेक मिनिटांत त्या हिरोची जागा प्रभू येशूने घेतलेली असते आणि गिऱ्हाईक मान डोलवत पंखा घेऊन निघालेलं असतं. मी एकदा त्यांना म्हटलं की भाऊ, गाणं लिहिणाऱ्याच्या मनात असलं काही नसतं, त्याला पोरगा-पोरगीच दाखवायची असते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "लिवनाऱ्याले कायले मालूम पायजे? प्रभू गाढवावर बसून गावात गेला, तवा गाढवाले मालूम होतं का पाठीवर कोन हाय?"

माझ्या पुतण्याची वरात एकोडीला होती. ऐन रस्त्यात डीजेचा अॅम्प्लिफायर बसला, म्हणून भाऊंना बोलावून घेतलं. त्यांनी तो चालू केला आणि पहिलंच गाणं लागलं ते कंबर हलवायचं. पोरं रंगात आली, तोच भाऊंनी आवाज बंद केला आणि माईक हातात घेतला. गाण्यातली बाई म्हणत होती की सारा गाव माझ्या दारी येतो आणि साराच गाव मला नावं ठेवतो. भाऊंना त्यात लगेच शोमरोनी बाई दिसली. भर उन्हात एकटीच विहिरीवर येणारी, पाच नवरे होऊन गेलेली, आणि तिच्याकडे पाणी मागणारा प्रभू, असं सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. पोरांचे वर गेलेले हात वरच राहिले. घोड्यावर नवरदेव घामाने भिजत होता. शेवटी माझ्या म्हाताऱ्या आत्याने विचारलं की मंग देल्लं का तिनं पानी? एवढ्यावर भाऊ खूश झाले आणि डीजे परत सुरू केला.

रविवारी ते चर्चमध्ये पेटी वाजवतात. उपासना संपून लोक चपला शोधेपर्यंत हळूच एखादी सिनेमाची चाल संथ लयीत सोडून देतात. एकदा पाळकसाहेबांनी ती ओळखली, कारण त्यांच्या मोबाईलची रिंगटोन तीच होती. त्यांनी भाऊंना बाजूला घेऊन समज दिली. भाऊ म्हणाले, चाल बाप्तिस्मा देऊनच आत आणली आहे.

दुकानाबाहेर त्यांची एक काळी पाटी असते. सकाळी रेडिओवर जे पहिलं गाणं लागेल, त्याला जुळणारं शास्त्रवचन ते शोधतात आणि त्याचा नुसता अध्याय आणि ओवीचा आकडा खडूने लिहितात. एक दिवस पाटीवर 'लूक १५:२०' होतं. एक म्हातारेबुवा माझ्या बाकावर येऊन बसले, ते साडेतीनपर्यंत उठेनात. मग मला विचारू लागले की पाटीवरची तीन वीसची एसटी अजून कशी आली नाही. भाऊंनी त्यांना चहा पाजला आणि दूरवरून पोराला येताना पाहून धावत सुटलेल्या बापाची गोष्ट सांगितली. म्हातारेबुवा खरी एसटी चुकवून ती ऐकत बसले.

दुपारी एक वाजता भाऊंची बायको, रूथवहिनी, डबा घेऊन येतात. भाऊ जेवतात आणि वहिनी स्टुलावर बसून तासभर भाजी निवडतात. त्या फार बोलत नाहीत. नेमका त्याच तासात भाऊंना चेव येतो. एका हाताने घास आणि दुसऱ्या हातात पेचकस, असं त्यांचं प्रवचन सुरू होतं, आणि आवाज इतका चढतो की मला भिंतीवर ठोकावं लागतं. वहिनी मान वर करत नाहीत. मला वाटायचं, बिचारीला सवय झाली असेल.

गेल्या हिवाळ्यात नव्या धानाचा तांदूळ द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच आत गेलो असेन. भिंतीवर क्रूस नाही, येशूचं कॅलेंडर नाही, शास्त्राचं पुस्तक कुठे दिसत नाही. फळीवर नुसता एक रेडिओ. परत निघालो तेव्हा भाऊ तलावाच्या पाळीपर्यंत सोबत आले. मी माझ्या स्वभावाप्रमाणे चिमटा काढला की भाऊ, सगळं प्रवचन गिऱ्हाईकासाठी, घरी मात्र सुट्टी.

ते हसले नाहीत. पाळीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांना एस्तेर नावाची एकुलती एक मुलगी होती. नऊ वर्षांची असताना तापाने आजारी पडली. चर्चच्या सगळ्या मंडळीने तीन दिवस प्रार्थना केली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तोवर चर्चमधलं प्रत्येक गाणं रूथवहिनी उचलायच्या, त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. कब्रस्तानातून आल्यावर त्यांनी शास्त्र आणि गीतांचं पुस्तक जुन्या लुगड्यात बांधलं आणि ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

"त्याचं नाव या घरात नोको म्हनली," भाऊ म्हणाले. "म्या कबूल केलं. पन रेडिओ बंद करा, असं नाही म्हनली. मंग म्या त्याले रेडिओतूनच आनतो. चौदा वर्षं झाले, मोरेश्वर. आयकते का नाही, मले मालूम नाही. एकडाव नुसतं हं म्हनली तरी पुरे."

मला माझीच लाज वाटली. बारा वर्षं मी ज्या तासाला भिंतीवर ठोकत होतो, तो एकच तास त्या माणसाला हवा होता.

संक्रांतीच्या सुमारास भाऊंचा घसा बसला तो बसलाच. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की महिनाभर एक शब्दही बोलायचा नाही. बाजारात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चार दिवस गेले आणि लोकांना करमेना. गाणी नुसतीच वाजून जायची, कोणी काही विचारायचं नाही. चहावाला मला म्हणाला, रेडिओच बिघडल्यासारखा वाटते.

एका दुपारी मीच जाऊन त्यांच्या दुकानात बसलो. वहिनी स्टुलावर लाखोरीची भाजी निवडत होत्या. रेडिओवर एक बाई गात होती की मी तुझ्या उंबऱ्याला यायच्या लायकीची नाही, तुझ्या पायाशी रडू दे, एवढंच मागते. मुखडा संपला. भाऊंनी सवयीने पेचकस वर केला, तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकं आर्जव होतं की मीच घसा खाकरला आणि त्यांच्याच सुरात विचारलं, "हे कोनाले म्हनून राहिली?" मग उत्तरही मीच ठोकून दिलं, की हे हरवलेलं मेंढरू आहे, मेंढपाळाला म्हणतं आहे.

भाऊंनी कपाळाला हात लावला.

"मेंढरू कुठं बोलते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. हात भाजीतच होते, मान खालीच होती. "ते बाई हाय ना. जिनं आसवानं त्याचे पाय धुतले."

भाऊंच्या हातातला पेचकस खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. ते उठले, बाहेर गेले, ओल्या फडक्याने पाटी पुसली आणि खडू घेतला. 'लूक ७' एवढं लिहून ते थांबले. जन्मभर तोंडपाठ असलेला ओवीचा आकडा त्यांना आठवेना, आणि विचारायला आवाज नव्हता.

वहिनींनी निवडलेली भाजी पिशवीत भरली, डब्याचं झाकण उघडलं आणि दाराकडे न बघता म्हणाल्या, "अडतीस. लिहा अन् या जेवाले."