तापू दे

शाहूपुरीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या तात्यांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "तापू दे." व्हॉल्वच्या रेडिओबद्दल म्हणाले तर ठीक. पण कुणी तब्येत विचारली तरी ते आधी टेबलावरचा सेट चालू करत, आतल्या काचेच्या व्हॉल्वना लाली चढेपर्यंत गप्प बसत आणि मग सांगत, "बरी हाय." ट्रान्झिस्टर घेऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवत. "लगीच बोलतंय ते. इचार न करता." त्यामुळे दुकानात गर्दी अशी नसायचीच.

मी भंडाऱ्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला. इथल्या एका ऑर्केस्ट्रात नुकताच गिटारवर लागलो होतो. मालकांना दोन गाण्यांत गिटारचा फाटका आवाज हवा होता. "रविवारपर्यंत काढ, न्हायतर गावाकडं जा." मुंबईहून आलेली ओव्हरड्राइव्हची एक डबी विकाऊ होती, पायानं दाबली की आवाज फाटलाच. दुसरीकडे तात्यांनी जुन्या रेडिओच्या भागांतून जोडलेला, गिटार लावायचा छोटा व्हॉल्वचा अ‍ॅम्प. दोन्हींतलं एकच घेणं जमणार होतं.

डबी तात्यांना दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी केली, हुंगली.

"ह्यात बिघडतंय काय, पावणं?"

"काहीच नाही म्हणतात."

"मग घ्यायची कशाला?"

त्यांनी अ‍ॅम्प लावला, तापू दिला, आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं. मी तार छेडली. आवाज असा फाटला, की शेजारचा शिंपी कात्रीसकट बाहेर आला. "तात्या, कुणाला सोलताय का काय?"

मी अ‍ॅम्प घेतला. रविवारी कार्यक्रम झाल्यावर मालक एवढंच म्हणाले, "ऱ्हा." सोमवारी घरी पत्र टाकलं.

एकच भानगड होती. दर सोमवारी अ‍ॅम्प दाखवायला आणायचा, हा तात्यांचा हुकूम. आणि मंगळवारी तो हमखास मुका. गुरुवारी परत नेला की तात्या दोन मिनिटांत बोलता करत, वर डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवून भंडाऱ्याच्या तळ्यांची चौकशी करत. रविवारी दगा कधीच नाही. तरी मी धास्तावलेलाच. डबी घेतली असती तर बरं झालं असतं का?

एका सोमवारी कपाटाच्या काचेत दिसलं. पाठमोऱ्या तात्यांनी गार झालेला व्हॉल्व फडक्यानं पुसला, जागेवर नीट बसवला आणि करंगळीनं हळूच जरासा वर उचलून ठेवला.

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे अ‍ॅम्प धडधाकट होता. मी चुकलो नव्हतो.

मंगळवारी खोलीवर व्हॉल्व अंगठ्यानं दाबला. अ‍ॅम्प खणखणीत बोलला. गुरुवारी तो खांद्यावर घेऊन शाहूपुरीत गेलो.

"तात्या, परत मुका झाला."

"व्हय? मी म्हणलंच हुतं की." दुसरं स्टूल आधीच पुसून ठेवलेलं होतं. "बसा पावणं. तापू दे."