माइकवाल्या हेडफोनाच्या खरेदीची हकीकत

श्रीचौडेश्वरीचे पायी माथा ठेवून, जे पाहिले ते पाहिल्याप्रमाणे आणि जे पाहिले नाही ते पाहणारांस विचारून लिहिले आहे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. म्हणजे इराप्पा महाराजांची पुतणी नीलावती हिचे ठरलेले लग्न हळदीच्या आदले दिवशी मोडले आणि मग पाऊसकाळ सरल्यावर पुन्हा त्याच घरी लागले, ते साल. ते समयी कापड विणावयाच्या मागांचे राज्य बुडाले होते. महाराजांनी आपले सारे माग भंगारात घातले होते, आणि मागघरात भाडेकरू येऊन राहिला होता, आणि सकाळी उठून कोठे उभे राहावे हेच महाराजांस उमजत नसे. उभी हयात खडखडाटात गेल्यामुळे एक कान पुरता गेला होता आणि दुसरा जाण्याच्या वाटेवर होता. शिबिरात मिळालेले कानाचे यंत्र शिट्ट्या मारी, म्हणून ते कपाटात पडले होते. मागवाल्यांची रीत अशी की मागाशी उभे राहून कोणी कोणाचे ऐकत नाही. समोरच्याचे ओठ पाहावे आणि समजून घ्यावे, आणि आपणांस सांगणे असेल तर ओरडावे. माग गेले तरी ही रीत गेली नाही. महाराजांनी जेवताना मीठ मागितले तर ते गल्लीच्या टोकापर्यंत कळत असे.

महाराजांचे जिवलग एकच, दत्तोबा सातपुते. दोघांनी एका छपराखाली शेजारशेजारच्या मागांवर आयुष्य काढले होते. पुढे कापसाची धूळ छातीत बसून दत्तोबा अंथरुणास खिळले, आणि उशाशी प्राणवायूचे यंत्र आले, ते दिवसभर घरघर करी, आणि तोंडावर मास्क चढला. महाराजांची स्वारी रोज चहाच्या वक्ती पायीच तेथे जात असे. दत्तोबांनी मास्क बाजूस करावा, हळू काही बोलावे, महाराजांनी ओठांकडे टक लावून पाहावे आणि मान हालवावी, ऐसे चालले होते. खरे म्हणजे महाराजांस अर्धे कळत नसे. आवाज यंत्राच्या घरघरीत बुडे; आणि दत्तोबांनी दुखण्यापासून कवळी काढून डबीत ठेवली होती, त्यामुळे ओठ आत वळून गेले होते आणि त्यांवर काहीच वाचता येत नव्हते. परंतु आजारी माणसास पुन्हा पुन्हा काय विचारावे, म्हणून महाराज व्हय व्हय म्हणत.

असे चालता एके दिवशी दत्तोबांनी महाराजांचा हात धरला, मास्क काढला, आणि बराच वेळ काही सांगितले. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. महाराजांनी हात दाबून व्हय म्हटले. मग काही दिवसांनी तांगूबाई, म्हणजे दत्तोबांचे कुटुंब, महाराजांस पोचवावयास उंबऱ्यापर्यंत आल्या. बाई मागवाल्याच्या, त्यांचा आवाज महाराजांस नीट पोचे.

"भावजी, ह्यांनी तुम्हांस्नी कायतरी सांगितलंय म्हनं."

"सांगितलंय की."

"आनि तुम्ही व्हय म्हनलासा."

"म्हनलो की, वैनी."

"मग करत का न्हाईसा? तुम्ही गेलासा की भिंतीकडं तोंड करून पडत्यात. म्हनत्यात, एवढं एकच मागितलं इराप्पाकडं, तेवढं बी होईना त्याच्यानं. काय मागितलं म्हनून इचारलं, तर म्हनत्यात, ज्याला सांगितलं त्याला म्हाईत हाय."

महाराज तोंडाने "करतो की, जरा सवड हुंद्या" असे म्हणून परत फिरले, आणि त्या दिवसापासून त्यांस अन्न गोड लागेना. मरणाच्या वाटेवरील मित्राने मागितले, आपण शब्द दिला, आणि कशाचा दिला तेच ठाऊक नाही. विचारावे तर इतके दिवस खोटी मान हालवली हे उघडे पडते. न विचारावे तर दत्तोबा तसेच जातात. मग महाराज अदमासाने पावले टाकू लागले. खिडकीची मोडकी झडप नीट करून दिली. न्हाव्यास घेऊन गेले. मठातील अंगारा नेला. दत्तोबांचा धाकटा भाऊ रुसून बसला होता, त्याची समजूत घालून त्यास समोर आणून उभा केला. दर खेपेस दत्तोबांनी पाहावे, डोळे मिटावे आणि मान फिरवावी. महाराज दमले.

आता खेळाच्या यंत्राची गोष्ट. महाराजांचे चिरंजीवांनी एके काळी टीव्हीस जोडून खेळावयाचे यंत्र घेतले होते, आणि मग त्यांस सूतगिरणीत पाळी लागली आणि खेळणे सुटले. दत्तोबांचा नातू परमुलखी शिकावयास गेला, त्याचेही तसलेच यंत्र मागे राहिले होते. त्यात मालमोटार हाकण्याचा एक खेळ होता. दोघा म्हाताऱ्यांस तो फार मानवला. आपापल्या घरी बसावे, दत्तोबांनी अंथरुणातूनच खेळावे, परदेशच्या ओसाड रस्त्यावरून दोन मालमोटारी मागेपुढे न्याव्या, माल पोचवावा, आणि भेट झाली की एकमेकांस दिवे मिचकावून दाखवावे. लढाई नाही, घाई नाही. हात गुंतलेले आणि नजर समोर, जसे मागावर असे तसे. फोनवर मात्र दोघांचे जमत नसे. हॅलो हॅलो करून दोघेही गप्प होत आणि कोणी तरी फोन ठेवी. दत्तोबांस लिहिता येत नसे, त्यामुळे तोही मार्ग बंद होता.

महाराजांची सून वैजयंताबाई. राज्याचा कारभार यांचे हाती. त्यांनी सासऱ्यांचे उतरलेले तोंड पाहिले आणि भाकरी थापता थापता म्हटले, "मामा, त्या खेळात बोलता येतंय की. माइकवाला हेडफोन लागतोय नुसता. कानात आवाज मोठा करून घ्यायचा, आनि दत्तूमामांनी तिकडं पडल्या पडल्या बोलायचं."

"मास्क लावून?"

"माइक मास्कला चिकटून ऱ्हाईल की. वरडायचं कामच न्हाई."

महाराजांनी घास खाली ठेवला आणि तत्काळ हुकूम केला की हे झालेच पाहिजे. मग बाईंनी मोबाइलावर चौकशी आरंभली. एकजण लिही की याहून उत्तम वस्तू पृथ्वीवर नाही, आणि त्याच्याच खाली दुसरा लिही की आठ दिवसांत कानाची दांडी मोडली, कोणी घेऊ नये. तिसरा फक्त डबा चांगला आल्याचे लिही. बिनतारेचे मोठे देखणे दिसले, परंतु जे एका घराण्याच्या, म्हणजे कंपनीच्या, यंत्राशी जुळे ते दुसऱ्याच्या यंत्राशी जुळत नाही असे समजले, आणि चार्ज करावे लागे, आणि किंमत पाहून बाईंनी मोबाइल उपडा ठेवला. अखेर मसलत ठरली की तारेचे घ्यावे. तार हातातल्या रिमोटास लागते आणि कोणत्याही यंत्रास चालते.

मग महाराज आणि बाई पेठेत गेले. दुकानदार चंपालाल, तोंडाचा गोड, त्याने फळीवरून एकामागून एक उतरविले. एक महाराजांचे डोक्यास आवळून बसे आणि चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतत. एकाच्या गाद्या रेक्झिनच्या, त्यांत घटकेत घाम आला. एकात तोफा उडाल्यासारखा दणका होता; तो महाराजांस फार आवडला.

"मामा, त्यात नुसता धडधडाट हाय. बोलनं ऐकू येतंय का बघा," बाई म्हणाल्या.

"धडधडाट ऐकू आला हेच लई झालं की पोरी," महाराज म्हणाले. दुकानातील सारी गिऱ्हाइके वळून पाहू लागली.

बाईंनी तो खाली ठेवविला आणि दुसरा घेतला. कापडी गाद्यांचा, वजनास हलका, माइकाची दांडी वळणारी, बोलणाऱ्याचा आवाज घेऊन आजूबाजूचा गलका गाळणारी. तो ऐपतीच्या काठावर होता. दत्तोबांसाठी म्हणून चंपालालाने एक जुजबी हेडफोन काढून दिला. त्याचा माइक म्हणजे एक बारीक दांडी, पुढे कापसाचा बोंडा. येथे महाराजांची चूक झाली, आणि ती मागवाल्याचीच चूक होती. मागावर ज्याचे कान, त्याने त्यात बोळा घालावा; दुसऱ्याच्या कानाशी आपले देणेघेणे नसते. म्हणून महाराज म्हणाले, "ऐकायचं मला हाय. चांगला मला. त्याला ह्यो बास झाला." चंपालालाने मान डोलविली आणि दोन्ही डबे बांधून दिले.

दुसरे दिवशी दुपारी महाराज टीव्हीसमोर बसले, चांगला हेडफोन डोक्यास चढविला, आवाज अखेरपर्यंत वाढविला. तिकडे तांगूबाईंनी जुजबी हेडफोन दत्तोबांस बसविला. मालमोटारी रस्त्यास लागल्या. आणि महाराजांचे कानात काय आले? प्राणवायूच्या यंत्राची घरघर, जशी मागघराची असे तशी, आणि तिच्यात कोठे खोल कोणी तरी कण्हल्यासारखे. महाराज "काय? काय म्हनलास?" असे इतक्या जोराने ओरडले की पलीकडे दत्तोबांनी हेडफोन उपटून टाकला. मालमोटार खड्ड्यात गेली.

महाराजांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. म्हणाले, "पैसं पान्यात गेलं. माझं कानच गेल्यात, त्याला टोपी घालून काय हुनार?"

बाईंनी पदराने हात पुसले आणि समोर येऊन बसल्या, ओठ दिसतील अशा. "मामा, तुमचं कान न्हाईत गेलं. घरघर ऐकू आली न्हवं? मग बोलनं का न्हाई आलं? तिकडचा माइक दळभद्री हाय. चांगला तिकडं द्या, दळभद्री तुम्ही घ्या."

"आनि मग मी ऐकू कशानं?"

"तुमचं ऐकनं त्यांच्या तोंडाशी हाय, मामा. तुमच्या कानाशी न्हाई."

हे महाराजांचे मनास पटेना. ऐकावयाचे आपण आणि भारी वस्तू दुसऱ्याचे डोक्यावर, असा व्यवहार मागांच्या राज्यात कोणी केला नव्हता. संध्याकाळपर्यंत तणतण चालली. एकदा म्हणाले, सासऱ्याची अक्कल काढतेस. एकदा म्हणाले, चंपालालाकडे परत दे. एकदा म्हणाले, मला कशातच काही नको. बाई भांडी घाशीत राहिल्या. सकाळी उठून महाराजांनी आपण होऊन चांगला हेडफोन डब्यात भरला आणि बाईंच्या पुढ्यात ठेवला, आणि बाई तो घेऊन गेल्या आणि दत्तोबांचे मास्कापाशी माइकाची दांडी नीट वळवून आल्या.

मग दुपारी पुन्हा मालमोटारी निघाल्या. महाराजांचे कानात घरघर अगदी बारीक झाली होती, आणि तिच्यावरून आवाज आला, मडक्यातून यावा तसा, परंतु एकेक अक्षर सुटे.

"इराप्पा. म्होरं वळन हाय. दमानं घे."

महाराजांचे हात थांबले. किती दिवसांनी दत्तोबांचा आवाज पुरा ऐकला! यावेळी ओरडू नये इतके भान त्यांस राहिले. हळू म्हणाले, "ऐकू आलं रं. समदं आलं."

"मग एक इचारतो. तुला म्या एक मागितलं हुतं. तू व्हय म्हनलास, आनि करत न्हाईस. का?"

महाराजांनी मालमोटार रस्त्याच्या कडेस लावली. म्हणाले, "दत्तू, मला ऐकूच आलं न्हवतं. उगाच व्हय म्हनलो. काय मागितलंस?"

 मग दत्तोबा म्हणाले, "येऊ नगंस म्हनलो हुतो."

"कुठं?"

"माझ्या घरी. तू आलास की तुला ओठ दिसाय पायजेत, म्हनून मला मास्क काढाय लागतोय. एकदा काढला की रातभर छाती भात्यावानी हुती. न काढावा तर तुझं तोंड पडतंय. म्हनून हात धरून म्हनलो, इराप्पा, आता येत जाऊ नगंस, राग मानू नगं. तू व्हय म्हनलास. आनि दुसऱ्या दिशी चहाला दारात हुबा!"

"आनि वर न्हावी घेऊन."

"न्हावी, अंगारा, आनि त्यो भिकारडा भाऊ. त्याला का आनलास रं? त्याच्यापायी बी मास्क काढला."

तेव्हा महाराजांस हसू आले आणि रडूही आले, आणि तिकडे दत्तोबा हसू लागले, ते खोकल्यात गेले, तांगूबाई धावल्या. खोकला थांबल्यावर महाराजांनी विचारले, "दात कुठं हुतं तुझं?"

"डबीत."

"लावलं असतंस तर समजलं असतं मला."

"मरताना कवळी कशाला लावायची, भडव्या?"

महाराजांनी मालमोटार पुन्हा रस्त्यास लावली. मग म्हणाले, "मग आता येऊ नगं?"

"नगं. हितं येत जा. गाडी घेऊन."

त्या दिवसापासून महाराजांनी त्या घराची पायरी चढणे सोडले. गिरणीत दळण टाकावयास त्याच दारावरून जावे लागे, तरी मान वळवीत नसत. गल्लीत बोलवा उठली की दोघांचे फाटले, भावाच्या वाटणीवरून फाटले, आणि पारावर कोणी टोचून बोलले तरी महाराजांनी कोणास खुलासा केला नाही. दुपार झाली की बसत. बोलणे फार नसे. पुढे ट्रॅफिक आहे, डिझेल घे, अमक्या मागाचा धोटा कसा तुटला होता आठवते का, इतकेच. दत्तोबांस रिमोट धरवेना तेव्हा त्यांनी आपली गाडी उभी केली आणि नुसते ऐकत राहिले, आणि महाराज एकटे गाडी हाकीत रस्त्यावर काय दिसते ते सांगत राहिले, हळू आवाजात. पहिल्यानेच गल्लीस त्यांचे बोलणे ऐकू येत नव्हते.

येणेप्रमाणे खरेदी जाहली. सारांश इतकाच की तारेचा घ्यावा, हलका घ्यावा, कापडी गादीचा घ्यावा, आणि ज्याचे ऐकावयाचे असेल त्यास चांगला द्यावा. दत्तोबा सातपुते पौष शुद्ध नवमीस दुपारी, खेळाच्या वक्ती, वारले. मग महाराज त्यांचे घरी गेले.