पाळणाघरातलं नववं मूल

भागोजी नागवेकर स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्याने आधी खुर्ची ओढून घ्यावी हे बरं. "डोकं पुष्कळांना असतं," ते सुरुवात करत. "वापरणारे रत्नागिरीत दोघेच. त्यातला एक मुंबईला गेला."

उभा जन्म ते एस.टी.त तिकीट तपासनीस होते. पालीच्या चढावर गाडीत शिरलो की नुसत्या चेहऱ्यावरून विनातिकीट माणूस ओळखायचो, असं ते सांगत. असा माणूस त्यांना बघून मागच्या दाराकडे सरकतो, तेव्हा चेहरा बघायची फारशी गरज नसते, हे ते सांगत नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी कार्डं छापून घेतली: 'भागोजी नागवेकर, गुप्त तपास. वेळ : चहानंतर.' मागच्या उन्हाळ्यात सुर्व्यांच्या आवारातले हापूस नाहीसे होत होते, तेव्हा त्यांनी आंतरराज्य टोळीचा संशय व्यक्त केला होता. टोळी निघाली, पण ती वानरांची. "वानरं कुठल्या राज्यातली ते कोणी तपासलंय?" असं म्हणून त्यांनी ते प्रकरण यशस्वी म्हणून नोंदवलं.

अनिल मयेकर त्यांचे सहायक होते. मयेकरांनी तसा अर्ज केलेला नव्हता. गणपतीनंतर त्यांची बायको विमला गेली. भागोजी भेटायला आले ते रोज येत राहिले, आणि तेरावं झाल्यावर म्हणाले, "मयेकर, उद्यापासून तुम्ही माझे सहायक." नाही म्हणायला मयेकरांच्या अंगात जोर नव्हता. शिवाय घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतंच.

तर त्या दिवशी मयेकर जेवून पडवीतल्या झोपाळ्यावर बसले होते. नेहमीच्या जागी, डाव्या टोकाला. शेजारची कुलसुम डोक्यावरचा पदर सावरत दोन आवारांमधल्या दगडी गडग्याच्या खिंडीतून आत आली. पाठोपाठ भागोजीही आले, कारण चहाची वेळ होत आली होती.

कुलसुम घरात पाळणाघर चालवायची. नवरा मुसा बोटीवर. इस्पितळातल्या नर्सा, बँकेतल्या मुली, एक कंडक्टर बाई, अशांची आठ मुलं सकाळी तिच्याकडे यायची. हे सुरू करायला विमलानेच तिला भरीला घातलं होतं. "तुझं घर मोठं, त्यांची पोरं छोटी, मग अडलंय कुठे?" असं ती म्हणाली होती. अडलं नव्हतं, तोवर परवानगी कोणी मागितली नव्हती. यंदा कुलसुमला सगळं कायद्याने करायची बुद्धी झाली आणि ती अर्ज घेऊन नगरपालिकेच्या ऑफिसात गेली.

ऑफिसात पंचाईत अशी झाली की रहिवासी विभागात काय चालतं आणि काय चालत नाही याच्या यादीत पिठाची गिरणी होती, गोठा होता, पाळणाघर नव्हतं.

"शाळा म्हणू या?" एक कारकून म्हणाला. "काय शिकवता?"

"काय नाय. सांभाळते."

"मग शिक्षणात बसत नाही. जेवतात का?"

"डबा घरून आणतात."

"खानावळ गेली. झोपतात?"

"दुपारी."

"दुपारपुरतं वसतिगृह नसतं, बाई."

तेव्हा कोपऱ्यातल्या वयस्कर कारकुनाने चष्मा वर केला. "सकाळी आणून ठेवतात, संध्याकाळी सही करून नेतात. गोदाम आहे हे."

ते सगळ्यांना पटलं. पण रहिवासी विभागात गोदाम चालत नाही, म्हणून शेवटी साहेबांनी मधला रस्ता काढला. अर्ज शिवणकाम आणि पापड-लोणच्याच्या शेजारी बसवला: 'घरगुती व्यवसाय, आवाज न करणारे'. आठ मुलांना आवाज न करणारे ठरवून साहेब जेवायला गेले.

"आणि आता हे आलंय," कुलसुम म्हणाली. मागच्या घरातल्या ऋत्विकने हरकत घेतली होती. 'दुपारी जेवणानंतर या घरात एक मूल सतत रडतं. त्याला कोणी उचलून घेत नाही,' एवढंच लिहिलं होतं. साहेब शुक्रवारी दुपारी स्वतः पाहणीला येणार होते. हरकत खरी निघाली तर परवानगी नाही, आणि पाळणाघर बंद.

"काका, अल्लाची शपथ. दुपारी माझी आठही पोरं मेल्यासारखी झोपतात. आठ दिवसांत बंद करायला लागलं तर त्यांच्या आया काय करतील? सानवीची आई ऑपरेशनच्या खोलीत असते. पोरीला बरोबर नेऊन कपाटात ठेवील?"

मयेकरांना त्या आयांपेक्षा आधी स्वतःचीच भीती वाटली. सकाळी ती मुलं गडग्यावरून "आजोबाऽ" म्हणून ओरडायची. भागोजी सोडले तर दिवसभरात त्यांना कोणाची हाक यायची ती तेवढीच.

"घाबरू नको, कुलसुम," भागोजी म्हणाले. "आठ मुलं झोपलेली असतात. तरी एक रडतं. म्हणजे काय मयेकर?"

"काय?"

"नववं मूल आहे."

कुलसुम त्यांच्याकडे बघत राहिली. "नववं कुठनं येईल, ओ भागोजीकाका? मोजून घेते मी."

"विनातिकीट माणूस मोजणीत कधी नसतोच," भागोजी म्हणाले आणि चहा प्यायले.

सोमवारी दुपारी तपास सुरू झाला. भागोजी आणि मयेकर कुलसुमच्या माजघरात दाराआड बसले. आवाज आला नाही. मंगळवारी ते ऋत्विकच्या घरामागच्या फणसाखाली बसले. ऋत्विक कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम रात्रभर करायचा आणि दिवसा झोपायचा. त्याने खिडकीतून डोळे चोळत विचारलं, "काका, तुम्ही इथे का बसलायत?"

"आम्ही इथे नाही आहोत असं समज," भागोजी म्हणाले. "आवाज येतोय?"

"आज नाही. कालही नव्हता. दोन दिवस मस्त झोपलो."

भागोजींनी मयेकरांना बाजूला घेतलं. "लक्षात आलं? आपण पहारा ठेवला की आवाज बंद. म्हणजे गुन्हेगाराला आपल्या हालचाली आधीच कळतात. आपला बेत कोणाकोणाला माहीत होता?"

"तुम्हाला आणि मला."

"तुम्ही सहायक. सहायकावर संशय घ्यायचा नसतो, कामाला माणूस मिळत नाही. उरलो मी." भागोजी गंभीर झाले. मग तिथेच फणसाखाली त्यांनी स्वतःची चौकशी केली. आवाज येतो तेव्हा आपण कुठे असतो, हे त्यांनी स्वतःला दरडावून विचारलं. मयेकरांच्या पडवीत बोलत असतो, असं उत्तर मिळालं. आवाज ऐकलात का? नाही, मी बोलत असताना मला दुसरं काही ऐकू येत नाही. हे उत्तर त्यांना खरं वाटलं आणि त्यांनी स्वतःला सोडून दिलं. तरी संध्याकाळपर्यंत स्वतःवर नजर ठेवली.

बुधवारी संशय बोक्यावर गेला. विहिरीवर बसणारा काळा बोका बाळासारखा रडतो, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. भागोजींनी त्याला सुकट दाखवून पोत्यात घातला आणि आरे-वारेच्या बाजूला सोडून यायला ते स्वतः रिक्षाने गेले. बोका त्यांच्या आधी परत आला. सकाळी तो विहिरीवर होता आणि भागोजींच्या हाताला तीन पट्ट्या होत्या.

बुधवारची दुपार मयेकरांना मोकळी मिळाली. ते झोपाळ्यावर बसले. संध्याकाळी ऋत्विक लाल डोळ्यांनी फाटकाशी आला. "काका, आज परत. सारखं रडत होतं. मी एकदा उठून गडग्यापर्यंत आलोही. वाटलं, आत जाऊन उचलून घ्यावं. पण लोकांच्या घरात कसं घुसायचं?"

"मांजर असेल रे," मयेकर म्हणाले.

"मांजर थांबतं. हे थांबतच नाही. एका लयीत चालतं. जसं काही रडून रडून त्या मुलाला माहीत झालंय की कोणी येणार नाही."

मयेकरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी भागोजींनी नवा बेत केला: मुलांच्या रांगेत चादर घेऊन आपणच मूल म्हणून झोपायचं. मयेकरांना त्यांनी दारात बसवलं. दोनच मिनिटांत भागोजी घोरायला लागले. मुलं मात्र झोपेनात. रेहान उठून बसला, मग सानवी, मग धाकटी निदा भोकाड पसरून रडायला लागली. सगळा आठवडा असंच चाललंय, कुलसुम म्हणाली. सोमवारी नाय झोपली, मंगळवारी नाय, नुसती जागी लोळत होती, फक्त काल झोपली.

"काल काय वेगळं होतं?" मयेकरांनी विचारलं.

कुलसुम काहीतरी बोलणार होती. तिने मयेकरांकडे पाहिलं, गडग्यापलीकडच्या त्यांच्या रिकाम्या पडवीकडे पाहिलं आणि निदाला उचलून घेतलं. "काय नाय काका," ती म्हणाली, "हवा वेगळी असेल."

शुक्रवारी साहेब आले. हातात मोजपट्टी, बरोबर शिपाई. भागोजींनी कार्ड दिलं. साहेबांनी ते वाचून मागे काही आहे का ते पाहिलं. ऋत्विकही झोपमोड करून आला होता. मयेकर सहायक म्हणून दारात उभे होते.

आणि आठही मुलं एकाच वेळी रडत होती.

"आवाज न करणारे," साहेब अर्जावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाले. मोठ्याने म्हटलं नसतं तर ऐकूच आलं नसतं.

"साहेब, हा तो आवाज नव्हे," ऋत्विक कानावर हात ठेवून ओरडला. "तो एकाच मुलाचा होता!"

"म्हणजे हे धरून नऊ!" भागोजी ओरडले. "मी म्हटलं होतं!"

साहेबांनी खिशातून पेन काढलं. ते बघून कुलसुम मयेकरांच्या जवळ आली.

"काका, तुम्ही घरी जा."

"आता? साहेब आलेत, आणि मी..."

"तुम्ही जा ओ. झोपाळ्यावर बसा जाऊन. रोज बसता तसे. माझ्यासाठी."

मयेकरांना काही कळलं नाही, पण कुलसुमने त्यांच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. ते खिंडीतून घरी गेले आणि झोपाळ्यावर बसले. डाव्या टोकाला. पायाने हलकेच झोका दिला.

पलीकडे आधी निदा थांबली. मग रेहानने अंगठा तोंडात घातला. एकेक करून आठही आडवी झाली, आणि त्या शांततेत सगळ्यांना ते स्पष्ट ऐकू आलं. कुईं... कुईं... बारीक, एका लयीत, न थांबणारं.

"हेच!" ऋत्विक म्हणाला. "हेच ते मूल!"

साहेब, शिपाई, ऋत्विक आणि भागोजी रांगेने पडवीत आले. मयेकर सगळ्यांना बघून उठायला लागले.

"उठू नका," साहेब म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. झोपाळा एका बाजूला कलला होता आणि एकच कडी हुकात घासत होती. "जरा मधे सरका."

मयेकर मधे सरकले. आवाज थांबला. शेजारी लगेच एक मूल कुरकुरलं.

"परत सरका."

कुईं. मूल गप्प.

साहेब हुशार होते. ते स्वतः उजव्या टोकाला बसले. झोपाळा सपाट झाला, एकदम मुका. "वजन दोन्हीकडे पाहिजे," ते समाधानाने म्हणाले. "इथे कोण बसतं?"

"बसायची," मयेकर म्हणाले.

साहेब उठले. ज्या जागेवर बसले होते ती त्यांनी हाताने उगाच पुसली.

मयेकर वर कडीकडे बघत होते. इतके महिने हा आवाज आपल्याच डोक्यावर चालला होता आणि आपण तो ऐकलाच नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. घर फार शांत झालंय, असंच त्यांना वाटत होतं.

"तेल घालू का?" त्यांनी ऋत्विकला विचारलं. "नाहीतर मी मधे बसत जाईन."

"नको नको," ऋत्विक घाईने म्हणाला. "झोपाळा आहे होय! मला वाटायचं, मूल आहे. मूल रडतंय म्हटल्यावर झोप कशी लागणार? झोपाळा असेल तर माणूस कूस बदलून झोपतो." त्याने साहेबांच्याच पेनाने हरकत मागे घेतली आणि जांभई देत घरी गेला.

"मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो," भागोजी म्हणाले, "गुन्हेगाराला आपला बेत माहीत आहे. तेवढी एक सहायकाची बाब सोडली तर माझा तपास अचूक होता."

कुलसुमला परवानगी मिळाली. पण ऑफिसात कागद एकदा जन्माला आला की त्याला कुठेतरी नांदवावं लागतं. पाहणीत आवाज सापडला होता, तो कोणाच्या तरी नावावर टाकणं भाग होतं. महिन्याभराने शिपाई नोटीस घेऊन मयेकरांकडे आला.

भागोजींनी ती मोठ्याने वाचली. "'सौ. विमला अनिल मयेकर, घरमालक. आपल्या घरातील झोपाळा मंजूर नकाशात दर्शविलेला नाही. सदर झोपाळ्याच्या आवाजाचे कारण आपण समक्ष हजर राहून सांगावे.'" ते थांबले. "मयेकर, घर अजून वहिनींच्या नावावर?"

"नाव बदलायचा अर्ज करायचा राहिलाय."

"करून टाका."

"करीन," मयेकर म्हणाले. नोटिशीवरचं नाव त्यांनी परत एकदा वाचलं. हल्ली तिच्या नावाने घरी काही येत नसे.

मग त्यांनी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिलं आणि तपासायला म्हणून भागोजींपुढे धरलं. एकच ओळ होती: 'ती हजर असती तर आवाज झाला नसता.'

भागोजींनी ती वाचली. ते झोपाळ्याच्या रिकाम्या टोकावर बसायला वळले होते, पण मधेच थांबून त्यांनी आतून खुर्ची आणली आणि बाजूला बसले. चहाची वेळ झाली होती, तरी चहाचं नाव काढलं नाही.

मयेकरांनी पायाने झोका दिला. पलीकडे निदा रडत होती, ती थांबली.