रुपरावांचे दोन पी. पी. नंबर

तुलना केल्याशिवाय रुपरावांनी आयुष्यात कधी वांगंसुद्धा घेतलं नाही. (बायको मात्र पहिलीच पाहिली आणि केली. तुलनेसाठी गाठलेल्या दुसऱ्या घरच्यांनी यांना पाहून चहासुद्धा दिला नव्हता.) त्यामुळे कळमेश्वरच्या पाहुण्यांनी, "पोरगी पसंत दिसते, घरात बोलून रविवारी सकाळी फोनवर पक्कं सांगतो," असा निरोप धाडला, तेव्हा घरची माणसं हरखली आणि रुपरावांची झोप उडाली. लेक प्रेमिलासाठी असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, आणि रुपरावांच्या घरी फोन नव्हता.

त्या काळी फोन नसलेला माणूस शेजाऱ्याचा नंबर द्यायचा, पुढे 'पी. पी.' लावायचा, आणि शेजारी हाक मारून बोलवायचा. सक्करदऱ्यातल्या त्या गल्लीत फोन दोनच. एक निवृत्त हेडक्लार्क मधुकररावांचा. आवाज असा स्वच्छ, की पलीकडच्यानं सुपारी कातरली तरी इकडे कळावं. पण डायलला कुलूप, वर विणलेला रुमाल, आणि डुलकी लागली असली की मधुकरराव कोणाच्याही फोनला "असं इथं कोणी राहत नाही" म्हणून मोकळे व्हायचे. दुसरा फोन इंदुताईच्या पिठाच्या चक्कीवर. तिथं पट्टा फिरला की फोन ज्वारी दळतोय की माणसं, समजू नये. पण इंदुताईनं हाक मारली की तलावावरचे बगळे उडत.

रुपरावांनी ऑफिसातल्या देवाजीला कामाला लावलं. हे स्थळ त्यानंच आणलं होतं, पोरगीही त्याच्याच घरी दाखवली होती. त्यानं ऑफिसातून पाळीपाळीनं दोन्हीकडे फोन लावायचा आणि रुपरावांनी धावत जाऊन घ्यायचा.

"कसा येऊन राहिला गा आवाज?" रुपराव मधुकररावांकडून ओरडले.

"एकदम मांडीला मांडी लावून बसल्यावानी!"

मग चक्कीवरून, धापा टाकत, "आता?"

"हा फोन हाये का मालगाडी?"

"पण बोलवायले इंदुताई पक्की हाये नं!"

"रुपराव, पोरीचं लग्न जमवून राहिले का फोनचं? एक नंबर सांगा, मी कळवतो."

एक! रुपरावांनी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. शेवटी म्हणाले, "दोन्ही दे. हा नाही लागला तं तो."

"दोन जागी एकटे कसे बसाल?" घरी आल्यावर बायकोनं, सिंधूताईंनी विचारलं.

"मी काय एका जागी बसणारा माणूस हाओ काय वं?"

(हे मात्र खरं. ऑफिसात त्यांच्या खुर्चीची गादी नव्यासारखी होती.)

रविवारी रुपराव दाढी करून मधुकररावांच्या फोनसमोर बसले. फोन गप्प. बंद तर पडला नाही? त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. चालू होता. ठेवला. पुन्हा उचलला.

"रुपराव, उचललेल्या फोनची घंटी कशी वाजेल?" मधुकरराव म्हणाले.

तेही खरंच. रुपराव तडक चक्कीवर. रविवारचा दिवस, डब्यांची रांग दारापर्यंत. "नाही आला भाऊ," इंदुताई चक्कीच्या तोंडात ज्वारी ओतत म्हणाली. आणि रुपरावांच्या मनात आलं, आपण इथं असताना फोन तिकडे आला तर? त्यांनी तिथूनच मधुकररावांचा नंबर फिरवला.

"आला का माझा फोन?"

"आला."

"काय म्हणे?"

"अहो, हाच! तुम्हीच बोलताय!"

"मंग ठेवू नका! दोन्ही लाइनी चालू हायेत, एवढं तं समजून राहिलं. असेच धरून बसा. ते लावतीलच आता."

मधुकररावांना बोलायला माणूस हवाच होता. त्यांनी गुडघेदुखीला हात घातला. रुपराव एका कानानं गुडघा ऐकत, दुसऱ्या कानात बोट घालून, तारेला ताण बसेल तिथवर येरझारा घालत राहिले. वरून पीठ उडत होतं. भुवया पांढऱ्या झाल्या, मग मिशी, मग सगळेच रुपराव.

तास-दीड तासानं मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. "अहो भाऊ, रुपरावांचं घर..."

"सरका हो!" वळूनही न बघता रुपराव ओरडले. "पोरीच्या जन्माचा फोन येऊन राहिला! दळण रांगेत ठेवा!"

"दळण नाही, मी..."

रुपरावांनी मागच्या मागे हातानं त्या माणसाची पिशवी दाराबाहेर ढकलली. इंदुताईचे दोन्ही हात ज्वारीत. तिनं हनुवटीनंच घराची दिशा दाखवली.

चक्की थांबली तेव्हा मधुकरराव दुसऱ्या गुडघ्यावर आले होते. रुपराव हताश होऊन घरी परतले. दारात सिंधूताई. आत कपबशा, पेढे, आणि लाजलेली प्रेमिला.

"व्याही येऊन गेले," सिंधूताई म्हणाल्या. "सकाळपासून एक नंबर लावावं तं एंगेज, दुसरा लावावं तं एंगेज. कंटाळून बसनं आले. पक्कं झालं."

"पक्कं? अवं, मंग मले काहून नाही बोलावलं?"

"ते म्हणे, माणसं चांगली हायेत तुमची. फक्त त्या चक्कीवर एक पिठानं माखलेलं येडं फोनले बिलगून बसलं हाये, अंगावर धावून आलं. त्याले लग्नाले बोलावू नका."

रुपरावांनी मिशीवरून हात फिरवला. पीठ पडलं. "मंग... तू काय म्हटलं वं?"

"काय म्हणू? म्हटलं, छे, आमचं तं त्याच्याशी बोलणंच नाही."

आणि सिंधूताई शब्दाच्या पक्क्या. एवढं सांगून ज्या आत गेल्या, त्या साखरपुड्यापर्यंत रुपरावांशी बोलल्या नाहीत.