धर्मापुरीचे वाढीव गुरुत्वाकर्षण

गुरुत्वाकर्षण सर्वांना समान लागू असते, हा गैरसमज विज्ञानाने फार वर्षे पोसला. प्रत्यक्षात ते तालुकानिहाय बदलते. (आपल्याकडे आणखी काय काय तालुकानिहाय बदलते, तो या कथेचा विषय नव्हे.)

ते मोजण्यासाठी डॉ. उज्ज्वला यांनी धर्मापुरीच्या महाविद्यालयात एक यंत्र मांडले. निर्वात नळीत रुबिडियमचे थंडगार अणू सोडायचे आणि ते कसे पडतात हे लेझरने मोजायचे, एवढेच काम. लेझर ही इथली मोजपट्टी. त्याची फ्रिक्वेन्सी ढळली की पट्टीच चुकली, आणि पॉवर हलली की आकडा भरकटला. म्हणून बाई दोन्हींना तान्ह्या लेकरासारखे जपत.

याच यंत्राने आधी गेवराई तालुक्यात, चकलांब्याला, मोजणी झाली होती. धर्मापुरीचा आकडा त्याहून दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या घरात कमी भरला. संस्थेचे अध्यक्ष विजयसिंह यांनी तातडीची बैठक बोलावली, कारण चौकात फलक लागून गेला होता: 'गुरुत्वाकर्षणात जिल्ह्यात प्रथम'. (आधी फलक, मग मोजणी, ही संस्थेची जुनी शिस्त आहे.)

"म्याडम, गेवराईपेक्षा आपलं कमी कावून?"

"चकलांबा उत्तरेला आहे, साहेब, आणि सखलही. तिथं ओढ किंचित जास्तच असणार."

"मंग पट्टी जरा सरकवा की. एवढ्याशानं काय व्हतंय?"

"साहेब, पॉवर बी वाढवू," हेडक्लार्क बंकट म्हणाला. "मिरवणुकीत डीजेचा लेझर वाढवतोच की आपण."

उज्ज्वलाबाईंना संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आले. त्यांचा करार महिनाअखेरीस संपत होता आणि नव्या करारावर सही विजयसिंहांचीच लागणार होती. हे सगळे त्यांना ठाऊक होते. तरी शहरात राहून सुधारलेली त्यांची भाषा ऐनवेळी घसरली. "म्या न्हाई हात लावणार," त्या म्हणाल्या.

मग बंकटने लावला. फ्रिक्वेन्सी सरकली, पॉवर चढली. अणूंनी लेझरची दखलच घेणे सोडले. अध्यक्षांच्या उपस्थितीतही ते पूर्वीसारखेच पडत राहिले. पडद्यावरचा मोजणीचा वळणावळणाचा आलेख जाऊन तिथे सरळ आडवी रेघ आली, म्हणजे मोजणीच बंद पडली.

"बघा, आता कुठं कमी दिसतंय का?" विजयसिंह लई खूश झाले.

कमतरता दिसत नाही, त्या अर्थी ती नाही. आणि ती नाही, त्या अर्थी आपण पुढे आहोत, असा ठराव एकमताने मंजूर झाला. बंकटचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. बाईंचा करार संपला तो संपलाच. प्रयोगशाळेची किल्ली देण्याआधी त्यांनी फ्रिक्वेन्सी पुन्हा जागेवर आणून ठेवली. कोणी सांगितले नव्हते.

चौकातला फलक पुढे वाऱ्याने सुटला आणि जुन्याच दराने खाली आला. (ठरावाची प्रत त्याला पोचली नसावी.)

वाचकहो, तुम्ही हसलात, ठीकच आहे. पण आपल्या तालुक्याचा आकडा किती, हे मघापासून तुमच्याही मनात येऊन गेले आहे. तो धर्मापुरीपेक्षा कमी निघाला, तर बंकट अजून नोकरीत आहे.