कालव्याकाठी चढ नसतो

अल रीम आयलंडवरच्या आमच्या सुपरमार्केटात कांदे कुठे आहेत हे मला कधी शोधावं लागलं नाही. "डावीकडे कांदे. पुढे दोन ट्रॉल्या, हळू. आता उजवीकडे वळतोय," असा खणखणीत आवाज यायचा आणि पाठोपाठ ट्रॉली ढकलत टिपणीसकाका यायचे. सोबत ट्रॉलीच्या कडेला हात ठेवून, हा गृहस्थ आपल्या ओळखीचाच नाही अशा चेहऱ्याने, शैलाकाकू.

ते दोघं अबुधाबी सोडून गेले त्याला आता वर्ष होईल. इथे शेजारी जाणं काही नवं नाही. व्हिसा संपतो, सामान बांधलं जातं, महिन्याभरात त्या दारात नवी चपला-बुटं दिसतात. पण मी अजून कांद्यांपाशी थबकते. इतकी शांतता मला बरी वाटत नाही.

काका आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. उभी हयात इथून लांब, रुवैसच्या तेल रिफायनरीत गेली, निवृत्तीनंतर इकडे आले, आणि चालता चालता अखंड धावतं समालोचन करायचे. लिफ्टपाशी "लिफ्ट आली, आत तिघं." लॉबीत "फरशी ओली, कडेने." भेटलेल्या माणसाला तर ते त्याचीच ओळख करून देत: "नमस्कार, शेजारच्या वैशालीबाई! आणि कन्या ईशा, शाळेच्या ड्रेसमध्ये!" मला माझं नाव माहीत होतं आणि ईशाला तिचा ड्रेस, पण काकांना हे सांगणार कोण? "आई, ही इज लाइक अ ह्यूमन जीपीएस," ईशा म्हणाली, आणि पोरांनी त्यांचं नावच जीपीएस अंकल ठेवलं.

काकांचं डोकं फ्रान्समध्ये फिरलं, याबद्दल बिल्डिंगचं एकमत होतं. रुवैसला असताना नवरा-बायको एकदा फ्रान्सला गेले आणि तिथे एका जुन्या कालव्याच्या काठाने, खेड्याखेड्यातून सायकलवर फिरले. पुढच्याने मागच्याला खड्डे, खांब ओरडून सांगायचे असतात म्हणे. ती सवय लागली ती सुटलीच नाही, हे काकांचं स्पष्टीकरण.

त्यांच्याकडे गाडी नव्हती. इथे लोक रस्त्यापलीकडून दही आणायलाही गाडी काढतात, त्यामुळे गाडी नसलेल्या माणसाकडे जरा काळजीनेच बघितलं जातं. काका म्हणायचे, "गाडीतनं बघितलेलं बघितल्यात धरायचं नाही." आणि सायकल काढायचे. कडक, दुधाळ करक चहाच्या कॅफेटेरियासमोर मोठमोठ्या गाड्या उभ्या असतात, हॉर्न वाजवला की चहा गाडीत येतो. तिथे दोन लँड क्रूझरच्या मधली अख्खी पार्किंगची जागा अडवून काका सायकलवर बसून राहायचे आणि घंटी वाजवायचे. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला तरी "यल्ला हबीबी, माझा पण नंबर आहे" म्हणून चहा संपेपर्यंत हलायचे नाहीत.

फ्रान्सच्या गोष्टी आम्ही इतक्यांदा ऐकल्या, की न जाताही तिथल्या वाटा आम्हाला ठाऊक झाल्या. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधे हिरवं पाणी, गाडीचं नाव नाही. त्यातही त्यांची लाडकी गोष्ट रविवारची. हे दोघं पडले आखातातले. खालच्या ग्रोसरीवाल्याला फोन केला की तो एक लिंबूसुद्धा वर आणून देतो, याची जन्माची सवय. त्यामुळे खाण्याचं काही बरोबर न घेता रविवारी निघाले आणि गावामागून गाव बंद. एका खेड्यात तर काकांनी दुकानाचं शटर वाजवून "ग्रोसरी? ग्रोसरी?" असा पुकारा केला, तेव्हा वरच्या खिडकीतून एका बाईने त्यांच्याकडे बघून खिडकी लावून घेतली. शेवटी काकूंच्या पिशवीत मेतकुटाची पुडी निघाली आणि सकाळचा उरलेला पाव. कालव्याकाठच्या बाकावर बसून मेतकूट-पाव खाल्ला, तसं जेवण पुन्हा झालं नाही, असं सांगताना काका खरोखरच गिळायचे.

कालव्यातली बोट चढ कसा चढते, हे त्यांनी आमच्या गणपतीत करून दाखवलं. दोन दारांमधली पाण्याची खोली, बोट आत घ्यायची, पाणी भरायचं, बोट वर. परातीत पाणी, मधे आडवी धरलेली दोन ताटं, आणि बोट म्हणून माझी करंजी. करंजी बुडाली, पाणी गालिच्यावर गेलं, पण तत्त्व पाहुण्यांना समजलं. "बोटीला हा उपद्व्याप. आपल्याला नाही. कालव्याकाठी चढ नसतो, वैशालीबाई." ईशा गणितात नापास झाली तेव्हाही ते मला हेच म्हणाले. त्याचा अर्थ मला लागला नाही, पण बरं वाटलं होतं.

मग ती जोडसायकल आली. देश सोडून जाणाऱ्या एका फ्रेंच शेजाऱ्याकडून काकांनी घेतली. दोन सीट, चार पेडल, मागच्या हँडलला वेगळी घंटी. लिफ्टमध्ये ती आडवी मावेना, तेव्हा काकांनी तिला मागच्या चाकावर उभी केली आणि कंबरेला धरून नाचायला नेल्यासारखी वर आणली. वॉचमन "सर, सर्विस लिफ्ट" म्हणत मागे. काकांचं एकच मागणं होतं, इथून गाशा गुंडाळायच्या आधी शैलाला त्या कालव्यावर पुन्हा न्यायचं, या सायकलवरून. आणि काकू बसायलाच तयार नव्हत्या. विषय निघाला की "मला नाही जमायचं" म्हणून आत जायच्या. सायकल त्यांच्या हॉलमध्ये उभी राहिली आणि मागच्या हँडलवर काकू पंचे वाळत घालू लागल्या. या वेडेपणाला कंटाळल्या असतील, असंच मला वाटलं. मी असते तर पहिल्याच दिवशी सायकल विकली असती.

एकदा काकांना दोन दिवस रुवैसला जावं लागलं, जुन्या सहकाऱ्याचा निरोप समारंभ होता. जाताना मला म्हणाले, शैलाला भाजीला घेऊन जा, आणि जरा गप्पा मारत चला. मी सुपरमार्केटात नेलं. पण नेमका ऑफिसचा मेसेज आला आणि मी फोनमध्ये डोकं घालून चालायला लागले. मागे धाडकन आवाज झाला. ओल्या फरशीची पिवळी पाटी आडवी पडली होती आणि काकू भिंतीला धरून उभ्या होत्या. पाटी वाटेच्या मधोमध होती, आंधळ्यालाही दिसावी अशी पिवळीजर्द.

"तू गप्प होतीस ना, म्हणून," काकू म्हणाल्या.

मग तिथल्याच चहाच्या टेबलाशी बसून त्यांनी सांगितलं. नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसतं, समोरचं जातं. माझा ड्रेस कडेकडेने दिसत होता, चेहऱ्याच्या जागी धूसर काहीतरी. फ्रान्सला जायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. ट्रिप मोडेल म्हणून त्यांनी ते काकांपासून लपवलं. दुसऱ्याच दिवशी, गाड्या येऊ नयेत म्हणून कालव्याच्या वाटेत मधोमध खांब रोवलेला, तो त्यांना दिसला नाही आणि त्या सायकलसकट काटेरी झुडपात गेल्या. काकांनी संध्याकाळभर काटे काढले, विचारलं काहीच नाही. सकाळी सायकलवर बसले आणि बोलायला लागले. खांब डावीकडे. बदकं उजवीकडे. पूल येतोय, डोकं खाली.

"इकडे आल्यावर मी ह्यांना बजावलं होतं, मला कोणी बिचारी म्हटलेलं चालणार नाही," काकू म्हणाल्या. "तर हे म्हणाले, ठीक आहे, मग मला वेडा म्हणू देत."

आम्ही सगळ्यांनी इमानेइतबारे त्यांना वेडा म्हटलं होतं. पण बिचारी म्हणायचं नव्हतं, म्हणून मी भलतंच विचारलं. "मग मागच्या महिन्यात माझ्या केसांचं कौतुक केलंत ते?"

"ते हे सांगतात ना, घरी गेल्यावर. वैशालीने केस कापलेत, बरे दिसतात, भेटली की म्हण."

आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. हसू ओसरल्यावर मी सायकलचं विचारलं. काकूंनी चाळिशी उलटल्यावर रुवैसच्या कॉलनीत पडत-झडत सायकल शिकली होती, त्याचा त्यांना भारी अभिमान. मागच्या सीटवर बसलं की जगाला कळणार, हिला आता स्वतःची चालवता येत नाही. मी म्हटलं, मागच्यालाही पेडल मारावंच लागतं की. त्यांनी टेबलाखाली पाय हलवून पाहिले. "पाय चांगले आहेत हो माझे," म्हणाल्या.

निघताना मी ट्रॉली पुढे घेतली, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा भर सुपरमार्केटात ओरडले, "डावीकडे कांदे."

काका परतल्यावर दोघं लॉबीत भेटले. मी म्हणाले, "नमस्कार काका-काकू, मी वैशाली. फरशी ओली आहे, कडेने या." काका थांबले. माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि दारापर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "खलास. माझी नोकरी गेली."

पुढच्या शनिवारी मागच्या हँडलवरचे पंचे निघाले. कॅफेटेरियासमोर दोन गाड्यांच्या मधे जोडसायकल उभी राहिली, आणि घंटी वाजली ती मागची.

मे महिन्यात घर रिकामं करून, कायमचं सांगलीला जाण्याआधी, ते कालव्यावर गेले. एका दुपारी मी ऑफिसात असताना काकूंचा फोन आला. चालत्या सायकलवरून. मागच्याचे हात मोकळे असतात, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, कसं आहे?

"छान आहे गं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "या कडेला झाडं दिसतात, त्या कडेला पाणी दिसतं. मधे काय, ह्यांची पाठ. ती नाही दिसली तरी चालतं, चाळीस वर्षं बघतेय."

पुढून ओळखीचा खणखणीत आवाज आला. "शैला, फोन ठेव. पूल येतोय, डोकं खाली."

आणि फोन बंद झाला.